सोपीव खुर्ची, राखीव किल्ली

२०२५ च्या मार्च महिन्यात छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत सहा स्त्रिया सदस्य म्हणून निवडून आल्या आणि शपथ मात्र त्यांच्या नवऱ्यांनी घेतली. त्याची चित्रफीत देशभर फिरली, पंचायत सचिवाला निलंबित करण्यात आले, आणि आपल्याकडे अधूनमधून उकरून काढला जाणारा 'सरपंचपती'चा वाद पुन्हा रंगला. एका बाजूने म्हटले गेले की बघा, आरक्षण देऊनही बाई घरातच राहिली, कारभार पुरुषाचाच राहिला. मग हा खटाटोप कशासाठी? दुसऱ्या बाजूने म्हटले गेले की दोष नवऱ्यांचा आहे, त्यांना धडा शिकवा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने याच प्रश्नावर २०२३ मध्ये नेमलेल्या समितीनेही आपल्या अहवालात इतरांना जरब बसेल अशा दंडाची शिफारस केलेली आहे. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले तरी त्यांचे एक गृहीतक समान आहे: नेतृत्व ही माणसाने घरूनच बांधून आणायची शिदोरी आहे. पहिल्याच्या मते या बायकांजवळ ती नसते, दुसऱ्याच्या मते ती असते, पण वाटेत नवरा हिसकावून घेतो.

माझे म्हणणे असे की ही शिदोरी घरून आणता येत नाही, ती खुर्चीतच शिजते. निर्णय घ्यावा लागणे, त्यावर आपली सही पडणे, तो चुकला तर चार माणसांत ऐकून घ्यावे लागणे आणि पुढच्या खेपेला तो सुधारण्याची संधी मिळणे, या फेऱ्यातून माणूस पुढारी होतो. हा फेरा कुठेही तोडला की वाढ खुंटते, मग ती बाई असो की बुवा. सरपंचपती हा स्त्रियांच्या अपात्रतेचा पुरावा नव्हे, आपण खुर्ची दिली आणि कपाटाची किल्ली मागे ठेवली याचा पुरावा आहे. किल्ली मागे ठेवणाऱ्यांत नवरा एकटा नसतो. मीही त्यांत होतो, म्हणून हे जरा जवळून सांगता येईल.

मी निवृत्त झालो तो एका बँकेच्या ग्रामीण शाखेतून. आसपासच्या नऊ ग्रामपंचायतींची खाती आमच्याकडे होती. ग्रामनिधीचा धनादेश सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या संयुक्त सहीने वटत असे, त्यामुळे नवा सरपंच निवडून आला की ठरावाची प्रत घेऊन नमुना सहीचे कार्ड भरायला त्याला शाखेत यावेच लागे. २०१२ च्या अखेरीस एका गावच्या नव्या सरपंचबाई अशाच आल्या. सोबत नवरा होता, ग्रामसेवक होते. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. मी नवऱ्याला म्हटले, "या, बसा," ग्रामसेवक आपणहून बसले आणि बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "साहेब, सही कुठं करायची तेवढं हिला दाखवा," नवरा म्हणाला. मी कार्डावर पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या केल्या. त्यांनी आपले नाव अक्षर अक्षर सुटे काढले, आडनावाशी येईपर्यंत जागा संपली म्हणून शेवटची दोन अक्षरे खाली घेतली. दहा मिनिटांत काम झाले. खात्यात किती शिल्लक आहे, हे मी नवऱ्याला सांगितले. त्या बाई सरपंच होत्या आणि मला ते ठाऊक होते. तरीही हे घडले, आणि त्यात काही वावगे घडले असे मला त्या दिवशी वाटलेही नाही.

पुढे २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींच्या खात्यावर येऊ लागला. पूर्वी हजारांत चालणारी खाती लाखांत गेली. त्याच सुमारास या गावाचा एक धनादेश आमच्या काउंटरवर अडला. सही जुळत नाही, असा शेरा मारून माझ्या सहकाऱ्याने तो परत केला, आणि मी कार्ड काढून पाहिले तेव्हा मलाही त्याचे बरोबरच वाटले. कार्डावर सुटी अक्षरे होती, धनादेशावर एका दमात ओढलेली, उजवीकडे कललेली, शेवटी ठसठशीत रेघ असलेली सही होती. दुसऱ्या दिवशी सरपंचबाई एकट्याच आल्या. तीन वर्षांत सभेच्या प्रोसिडिंगवर, घरपट्टीसाठीच्या नमुना ८ च्या उताऱ्यांवर, दाखल्यांवर, मोजमाप पुस्तिकांवर शेकडो सह्या करून त्यांचा हातच बदलला होता. नवे कार्ड भरता भरता त्यांनी विचारले, पाणीपुरवठ्याच्या खात्यातून मे महिन्यात दोनदा पैसे गेलेले दिसतात, दुसऱ्या वेळचे कुणाच्या नावे गेले? मी लेजर काढले. रक्कम बरोबर होती, पण तो प्रश्न त्या गावातून गेल्या पंधरा वर्षांत कुणीच विचारलेला नव्हता, पुरुष सरपंचांनीही नाही. नेतृत्व कसे वाढते यावर तारांकित हॉटेलांत दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. आमच्या बँकेनेही मला अशा एका कार्यशाळेला पाठवले होते. तिथून आणलेली प्रमाणपत्राची चौकट कुठल्या तरी खणात असेल. ती दोन कार्डे मात्र माझ्या नजरेसमोरून हलत नाहीत.

एका बाईचे उदाहरण म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. त्याच नऊ गावांत अशा सरपंचबाई होत्या ज्यांची सही पाच वर्षांत तसूभर बदलली नाही, कारण त्या कोऱ्या धनादेशांवर महिन्यातून एकदा एकगठ्ठा सह्या करून देत. आक्षेप घेणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दाही इथेच आहे: अपहार नवरा किंवा गावातला कुणी वजनदार माणूस करतो, आणि वसुलीची नोटीस निघते ती जिची सही आहे तिच्या नावावर. ज्या व्यवहाराची कल्पनाही नाही त्यासाठी चौकशीला उभे राहण्याची वेळ तिच्यावर येते. अशा खुर्चीला सन्मान म्हणणे ही थट्टाच होय. दुसरा मुद्दाही खोटा नाही. पुरुष सरपंच तरी कुठे एकट्याने कारभार करतो? त्याच्या मागेही भाऊबंद असतात, एखादा जिल्हा परिषद सदस्य असतो, साखर कारखान्याचा संचालक असतो. मग बाईने घरच्यांचा सल्ला घेतला तर आभाळ का कोसळावे?

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. सल्ला घेणारा सल्ला नाकारूही शकतो. सही जिची आणि निर्णय दुसऱ्याचा, तिथे सल्ला हा शब्दच लागू पडत नाही. पहिला मुद्दा मात्र उलटून पाहावा लागतो. जबाबदारी आहे आणि अधिकार नाही, ही स्थिती त्या बाईच्या स्वभावातून उद्भवली की व्यवस्थेच्या रचनेतून? आपल्या इतिहासात या रचनेचा एक सरकारी नमुनाच उपलब्ध आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही खाती 'सोपीव' म्हणून भारतीय मंत्र्यांकडे दिली; अर्थ, पोलीस, जमीन महसूल, पाटबंधारे ही खाती 'राखीव' म्हणून गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी भारतीयाची, तिला लागणाऱ्या पैशाची थैली गव्हर्नरच्या मंडळाच्या हातात. मद्रास प्रांतातल्या एका मंत्र्याने तक्रार केली होती ती हीच, की शेती माझ्याकडे, पण तिला लागणारे पाणी माझ्याकडे नाही. अशा मंत्र्यांकडून फारसे काही झाले नाही, आणि ते झाले नाही याचा आधार घेऊन साहेबलोक म्हणू लागले की हिंदी माणूस राज्यकारभाराला अजून तयार नाही. त्या काळी आपण हा युक्तिवाद संतापाने फेटाळला. आज गावच्या पारावर बसून आपण तोच युक्तिवाद आपल्याच बायकांविरुद्ध शब्दही न बदलता वापरतो, याचे आपल्याला काहीच वाटत नाही काय? गंमत एवढीच की तेव्हा 'राखीव' म्हणजे आपल्यापासून राखलेले होते, आणि आता त्या शब्दाचा अर्थ तिच्यासाठी राखलेले असा आहे. खुर्ची राखीव आहे खरी. पण कारभाराच्या हिशेबात ती सोपीवच, आणि जुन्या अर्थाने राखीव राहिली ती किल्ली.

उलट बाजूचे उदाहरण पाहायचे तर अहिल्याबाईंकडे जावे. त्यांच्या पुण्याईची वर्णने आपण खूप केली, घाट आणि देवळे मोजली; त्या घडल्या कशा याची चर्चा त्या मानाने कमी होते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडल्यानंतर मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही, एवढे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर त्यांनी तिला पुढची दहा-बारा वर्षे कामाला जुंपले, हे शिकत नाही. १७६५ मधले मल्हाररावांचे पत्र उपलब्ध आहे. त्यात तोफखान्यासह ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना आहेत. सासरा सुनेला लिहीत आहे, आणि पत्रात चुलीचा विषय नाही. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला, आणि दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी दत्तक घेण्याची तोड सुचवली. ती मान्य झाली असती तर गादीवर मूल बसले असते आणि दौलत दिवाणाच्या हाती गेली असती. आजच्या भाषेत सांगायचे तर दिवाणजी सरपंचपती व्हायला निघाले होते. अहिल्याबाईंनी ती तोड धुडकावली, कारण दारूगोळ्याचा हिशेब त्यांना येत होता. त्या राजघराण्यातल्या होत्या आणि गावच्या बाईची त्यांच्याशी तुलना होत नाही, असे कुणी म्हणेल. स्थानाची तुलना होत नाही हे खरे, परंतु वाढीची रीत तीच आहे: पद येण्याच्या आधीपासून खरे काम हातात पडणे आणि ते काम देणाऱ्याने मध्ये न लुडबुडणे. एवढा मोठा सेनानी तोफखाना सुनेच्या स्वाधीन करू शकला, आणि आम्हांला पासबुक देववत नाही.

'आधी शिका, मग या' हा या वादातला सर्वांत सभ्य वेशातला आक्षेप आहे, म्हणून तोच अधिक घातक आहे. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये सरपंचपदासाठी आठवी उत्तीर्णची अट घातली. हरियाणानेही तशाच अटी घातल्या, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. राजस्थानने २०१९ मध्ये आपली अट मागे घेतली. शाळा हवीच, त्यात वाद नाही. पण ज्या पिढीतल्या मुलींना शाळेत न धाडणे हा समाजाचा निर्णय होता, त्या पिढीला शाळेच्या दाखल्यावरून पद नाकारणे म्हणजे वाट आधी अडवायची आणि मग उशीर झाला म्हणून दंड करायचा असे आहे. नवऱ्याच्या पदवीचा गावाला कितीसा फायदा झाला, हे कुणी मोजतही नाही. मी नऊ गावांच्या खात्यांवर पाहिलेला सर्वांत गबाळा हिशेब एका वाणिज्य पदवीधर सरपंचाचा होता. (ग्रामसेवकाची बदली मागण्यात त्याची मुदत गेली.)

स्वतःचे नाव असणे आणि ते कागदावर येणे या गोष्टीला आपण फार हलके लेखतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होत असताना अनेक राज्यांत, मुख्यतः उत्तरेत, बायका आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशी नोंद करून घ्या म्हणत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्या काळी हा निर्णय कठोर वाटला असणार. मलाही तो वाचताना टोचतो. तरी त्यात एक मोठी समज होती: राज्यसंस्थेने एकदा 'अमक्याची बायको' मान्य केली असती तर पुढे कुणालाच नाव सांगायची गरज पडली नसती. सरपंचपती हा त्याच अर्धवट पुसलेल्या नोंदीचा पुढचा अवतार आहे. मात्र सेन यांनी आग्रह धरला तो आपल्या यंत्रणेने काय लिहून घ्यावे याविषयी. नवऱ्यांना दंड करण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. आजही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. गटविकास अधिकाऱ्याने फोन कुणाला लावायचा, आमसभेत कुणाचे निवेदन घ्यायचे, बँकेच्या व्यवस्थापकाने "बसा" कुणाला म्हणायचे, हे शासनाच्या आणि आमच्यासारख्यांच्या हातात आहे. नवऱ्याला पाच हजारांचा दंड केला तर तो दंड घरच्याच पैशांतून जाईल आणि संध्याकाळी त्याचा राग निघेल तो तिच्यावर. आता तर सहीसुद्धा कागदावर राहिलेली नाही. वित्त आयोगाच्या निधीचे देयक ऑनलाइन निघते, सरपंचाची डिजिटल सही एका बोटभर डोंगलमध्ये असते, आणि ते डोंगल पुष्कळ ठिकाणी संगणक परिचालकाच्या खणात किंवा नवऱ्याच्या खिशात असते. माझ्या काळी निदान हात तरी तिचा लागत होता. हात लागत होता म्हणून तो वळला. डोंगल तिच्याच ताब्यात आहे आणि पासवर्ड तिनेच टाकला आहे याची खातरजमा केल्याशिवाय देयक पुढे सरकू नये, एवढी अट घालणे अवघड आहे काय?

याहून महत्त्वाची गोष्ट मुदतीची आहे, आणि तिच्याविषयी जवळजवळ कुणी बोलत नाही. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, २०११ मध्ये आपण ५० टक्क्यांवर गेलो. त्याआधीही निंबूत, विटनेर अशा गावांत पूर्ण महिला पंचायती झालेल्या होत्या, पण त्या बोटांवर मोजण्याइतक्या. आकडा वाढत गेला. रीत मात्र अशी राहिली की दर पाच वर्षांनी तहसील कचेरीत सोडत निघते, एखादे शाळकरी पोर बरणीतून चिठ्ठी काढते आणि गावचे पद एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. पहिली दोन वर्षे बाई कागद ओळखायला शिकते, तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारू लागते, पाचव्या वर्षी घरी जाते. पश्चिम बंगालच्या पंचायतींवर अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्या पंचायतींत प्रमुखपद लागोपाठ दोन निवडणुकांत स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे पुढे स्त्रिया अधिक संख्येने उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. दुसरी खेप म्हणूनच निर्णायक असते. पहिल्या खेपेला गाव तिला पारखते ते आधीच्या पुरुषाच्या मापाने.

यावर रास्त आक्षेप असा की फिरते आरक्षण हे न्यायासाठी आहे. एका वर्गाला सलग दहा वर्षे दिली तर दुसऱ्याने किती थांबायचे? अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर जड आहे, कारण तिथे आधीच पाळी फार वर्षांनी येते, आणि त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल. पण स्त्रियांचा वाटा निम्मा असताना हिशेब सरळ आहे. वीस वर्षांत चार मुदती, त्यांतल्या साधारण दोन स्त्रियांच्या. त्या आड आल्या काय किंवा लागोपाठ आल्या काय, पुरुषांच्या वाट्याचे एक वर्षही कमी होत नाही. फरक पडतो तो एवढाच की लागोपाठ आल्या तर पहिल्या खेपेला शिकलेली बाई दुसऱ्या खेपेला उभी राहू शकते, आणि ती नको असेल तर गाव तिला मत न देता घरी पाठवू शकते. सध्या तिला घरी पाठवते ती बरणी.

आमच्या त्या सरपंचबाईंचे असेच झाले. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून होणार असे ठरले आणि त्यांच्या गावचे पद खुले निघाले. तुमची पाळी झाली, आता कशाला, असे गावात पुष्कळांनी सांगितले. त्यांनी अर्ज भरला. १९ मतांनी पडल्या. महिन्याभराने त्या बचत गटाच्या कामासाठी शाखेत आल्या तेव्हा मी उगीच हळहळलो. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, मागच्या खेपेला चिठ्ठी निघाली होती. या खेपेला ३९७ माणसांनी माझं नाव शोधून बटण दाबलं." मग त्यांनी गटाचे पासबुक माझ्यापुढे सरकवले, सप्टेंबरअखेरचे व्याज अजून चढलेले नव्हते.